डार्विनचे झुडूप आणि माकडांची रांग

चार्ल्स डार्विनला चित्र काढता येत नसे. ही आमची टीका नव्हे, त्याचीच तक्रार आहे. तरुणपणी विच्छेदनाचा सराव झाला नाही आणि रेखाटन कधी जमले नाही, या दोन गोष्टींनी आपल्या कामाचे कायमचे नुकसान केले, असे त्याने आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे. 'बीगल' जहाजावर चित्रे काढायला वेगळी माणसे होती. आधी ऑगस्टस अर्ल, आणि त्याची प्रकृती बिघडल्यावर कॉनराड मार्टेन्स. पण आज जीवशास्त्राच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा छापले जाते ते चित्र मात्र चित्रकला न येणाऱ्या डार्विनच्या हातचे आहे.

प्रवासाहून परतल्यावर, १८३७ च्या जुलैच्या सुमारास, त्याने एक नवी वही सुरू केली. तिच्यावर त्याने 'बी' असे अक्षर घातले होते. या वहीच्या छत्तिसाव्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, 'मला वाटते' अशा अर्थाचे दोन शब्द आहेत आणि वाक्य तिथेच थांबते. काय वाटते ते शब्दांत नाही. खाली शाईने काढलेले एक वेडेवाकडे झुडूप आहे. बाजूच्या मोकळ्या जागेत मग थोडे स्पष्टीकरण येते, पण ते झुडपाचे स्पष्टीकरण आहे. आधी चित्र, मग शब्द.

(या वहीची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. ती आणि तिच्या जोडीची दुसरी वही केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात जागेवर नाहीत हे २००१ मध्ये लक्षात आले. बरीच वर्षे त्या कुठेतरी चुकून ठेवल्या गेल्या असतील असे धरून शोध चालला. २०२० मध्ये त्या चोरीला गेल्याचे जाहीर झाले, आणि मार्च २०२२ मध्ये कुणीतरी त्या गुलाबी पिशवीत घालून ग्रंथालयातच आणून ठेवल्या. दोन्ही वह्या सुस्थितीत होत्या.)

'साध्या चित्राने कल्पना सहज पोचते' हे वाक्य आपण शिक्षक नेहमी ऐकतो आणि इतरांना ऐकवतोही. ते खरेच आहे. पण चित्राने काय पोचते याची तपासणी आपण क्वचित करतो. कवितेची, कथेची समीक्षा होते; विज्ञानाच्या पुस्तकातल्या आकृतीची कुणी करत नाही. ती सुबक आहे की नाही एवढेच पाहिले जाते. म्हणून उत्क्रांती या एकाच कल्पनेची काही प्रसिद्ध चित्रे इथे शेजारी शेजारी ठेवून आम्ही ती वाचणार आहोत. त्यांतली काही फार सुंदर आहेत. कल्पना चोख पोचवण्यात मात्र सगळ्यांत कुरूप चित्र पुढे आहे, असे आमचे मत झाले आहे.

पेन्सिल घ्या

हे चित्र वाचकांनी स्वतः काढून पाहावे. त्याला दोन मिनिटे पुरतात आणि हात चांगला असण्याची गरज नाही.

कागदाच्या तळाशी एक छोटे वर्तुळ काढून त्यात १ लिहा. हा पूर्वज, म्हणजे फार पूर्वीची एक जात. त्यातून वर एक रेघ काढा आणि तिला फाटे फोडा. फाट्यांना पुन्हा फाटे. काही फाटे लांब जाऊ द्या, काही आखूडच सोडून द्या. आता काही फाट्यांच्या टोकाला एक लहानशी आडवी रेघ द्या, इंग्रजी 'टी' अक्षराच्या डोक्यासारखी. ज्यांच्या टोकाला आडवी रेघ आहे त्या जाती आज जिवंत आहेत. ज्यांच्या टोकाला काही नाही त्या नष्ट झाल्या. जिवंत टोकांच्या चार घोळक्यांना डार्विनने ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. बी आणि सी जवळजवळ. डी थोडा लांब. ए पार दुसरीकडे. झाले चित्र.

आता हेच शब्दांत सांगून पाहू. बी आणि सी यांचे नाते जवळचे, कारण त्यांचा सामाईक पूर्वज अलीकडचा. बी आणि डी यांचा सामाईक पूर्वज त्याहून जुना, म्हणून ते नाते जरा दूरचे. बी आणि ए यांचा त्याहूनही जुना, आणि त्या दोघांना जोडणाऱ्या मधल्या बऱ्याच जाती आज नसल्यामुळे ए आणि बी यांत आपल्याला मोठी दरी दिसते, जरी कोणे एके काळी ती दरी नव्हती. वाक्य चूक नाही, पण तिसऱ्या अर्धविरामापाशी आपला हात सुटतो. लग्नघरी 'ही माझ्या आजोबांच्या चुलतभावाच्या नातवाची बायको' असे कुणी सांगितले की समोरचा मान हलवतो आणि त्याला काहीही कळलेले नसते, तसेच हे. नात्यांची माहिती मुळात फांद्यांची असते आणि वाक्य मात्र एका रेषेत चालते. फांद्यांची गोष्ट रेषेत सांगायची तर ऐकणाऱ्याने मनात फांद्या काढाव्या लागतात. मग त्या कागदावरच का काढू नयेत?

डार्विनला हे का सुचले, तेही पाहण्यासारखे आहे. १८३७ च्या सुरुवातीला पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड याने त्याने आणलेले गालापागोस बेटांवरचे पक्षी तपासले. वेगवेगळ्या बेटांवरचे मॉकिंगबर्ड हे एकाच जातीचे किरकोळ प्रकार नसून वेगवेगळ्या जाती आहेत, असे त्याने सांगितले. बेटे वेगळी, जाती वेगळ्या, पण एकमेकींसारख्या, आणि जवळच्या दक्षिण अमेरिकेतल्या जातींसारख्याही. हे असे का, याचे उत्तर 'एकाला फाटे फुटले' असे असेल तर मग सगळ्याच सजीवांचे असे असेल का? मग गटागटांत मोठ्या दऱ्या का? 'बी' वहीत या झुडपाच्या दहा पाने आधीही दोन रेखाटने सापडतात. तिथे तो म्हणतो की जीवनाच्या वृक्षाला खरे तर जीवनाचे प्रवाळ म्हणावे, कारण प्रवाळाच्या बुंध्याकडचा भाग मेलेला असतो आणि फक्त टोके जिवंत असतात. तिथे त्याने मेलेल्या फांद्या तुटक रेघांनी काढून पाहिल्या. छत्तिसाव्या पानावर आल्यावर तुटक रेघ गेली आणि टोकावरची आडवी रेघ आली. म्हणजे हे पहिल्या फटक्यात उतरलेले चित्र नाही. काढता काढता सुचलेले चित्र आहे.

त्या आडव्या रेघेतच या चित्राचे सगळे बळ आहे. एक साधी खूण, पण तिच्यामुळे जिवंत आणि मृत यांत फरक करता येतो, आणि तो फरक केला की दरीचे कोडे सुटते. डार्विनने तर त्यावर हिशेबही केला. एका जुन्या जातीपासून आज तेरा जाती झाल्या आहेत असे धरा. जगातल्या जातींची एकूण संख्या साधारण तेवढीच राहायची असेल, तर त्या जुन्या जातीच्या काळच्या आणखी बारा जातींनी मागे वंशजच ठेवले नसले पाहिजेत. तिसरीतल्या मुलाला जमेल अशी वजाबाकी. पण 'नष्ट होणे' हा अपघात नसून चित्राचा आवश्यक भाग आहे, हे तिच्यातून निघते.

परीक्षेत 'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा' असा प्रश्न असतो. हे झुडूप उत्तरपत्रिकेत आले असते तर त्याला किती गुण मिळाले असते याचा विचार परीक्षकांनी करावा.

छापील तक्ता

हे झुडूप डार्विनने कधी छापले नाही. बावीस वर्षांनी, १८५९ मध्ये, 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' आले, तेव्हा त्या जाडजूड पुस्तकात एकच आकृती होती, घडी घालून चिकटवलेली. प्रकाशकाला त्याने कळवले होते की आकृती विचित्र दिसते खरी, पण तिच्यावाचून चालणार नाही.

या आकृतीत तळाशी ए पासून एल पर्यंत अकरा जाती आहेत. त्यांतली अंतरेही मुद्दाम कमीजास्त आहेत, कारण जाती एकमेकींशी कमीजास्त मिळत्याजुळत्या असतात. वर चौदा आडव्या रेषा. दोन रेषांमधले अंतर म्हणजे हजार पिढ्या, किंवा हवे तर त्याहून जास्त. ए आणि आय या दोन जातींना भरपूर फाटे फुटतात, एफ ही न बदलता थेट वरपर्यंत जाते, बाकीच्या वाटेत कुठेतरी संपतात. चौदाव्या रेषेवर पंधरा जाती मिळतात. ए पासून आठ, आय पासून सहा आणि एफची एक.

काटेकोरपणात ही आकृती वहीतल्या झुडपाच्या पुष्कळ पुढे आहे. काळ मोजता येतो, बदलाशिवाय टिकून राहणारी जातही दाखवता येते. पण ती समजावायला डार्विनला पानेच्या पाने खर्चावी लागली, आणि 'ओरिजिन' वाचायला घेणारे अनेक जण त्याच पानांवर अडखळतात. अभ्यासकासाठी हा तक्ता उत्तम. वर्गासाठी आम्ही झुडूपच निवडू.

कलावंताचा वृक्ष

आता एका खऱ्या चित्रकाराकडे वळू. जर्मनीतल्या येना विद्यापीठाचा प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल हा असामान्य हाताचा माणूस होता. १८९९ ते १९०४ या काळात प्रसिद्ध झालेली त्याची निसर्गातल्या कलारूपांची शंभर चित्रफलके आजही लोक भिंतीवर लावतात. डार्विनचा विचार जर्मनीत घरोघर पोचवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. (त्याच्या गर्भांच्या चित्रांवरून झालेला वाद हा स्वतंत्र विषय आहे, तो इथे नको.)

माणसाच्या उत्पत्तीवरच्या १८७४ च्या पुस्तकात हेकेलने एक वंशवृक्ष दिला. हा खराखुरा वृक्ष आहे, जुन्या ओक झाडासारखा. भरभक्कम बुंधा, खडबडीत साल, गाठी, डावीउजवीकडे फुटलेल्या फांद्या. तळाशी सर्वांत साधे सजीव, मग कृमी, मग मासे, उभयचर, सस्तन प्राणी, आणि अगदी शेंड्याला 'मानव'. चित्र पाहताक्षणी पटते. आणि अडचणही तीच आहे.

डार्विनच्या झुडपात प्रत्येक रेघेला अर्थ होता. हेकेलच्या चित्राला तोच प्रश्न विचारू या. बुंधा जाड आहे, जाडी म्हणजे काय? काही नाही, झाडाचा बुंधा जाड असतो म्हणून तो जाड. उंची म्हणजे काळ का? मग गोगलगाय आणि मासा खालच्या फांद्यांवर का, तेही आजच जिवंत आहेत ना? माणूस मधोमध शेंड्याला का? याचेही उत्तर उत्क्रांतीच्या कल्पनेत नाही. पण पाहणाऱ्याला अर्थ लागतोच. जाड बुंधा म्हणजे मुख्य रस्ता, फांद्या म्हणजे आडवाटा. मुख्य रस्ता माणसाकडे गेला आणि बाकीचे जीव वाटेत भरकटले. हेकेलने शब्दांत काय लिहिले याला मग फारसे महत्त्व उरत नाही. सालीने आणि गाठींनी आपला वेगळाच निबंध लिहून टाकलेला असतो.

चांगला हात असलेल्या माणसाला हा धोका जास्त. त्याला झाड झाडासारखे काढता येते, म्हणून तो काढतो. डार्विनला ते येतच नव्हते.

रांग

चौथे चित्र वाचकांना सांगावे लागणार नाही. डावीकडे वाकलेले माकड, मग थोडे कमी वाकलेले, मग केसाळ अर्धमानव, मग हातात दांडा घेतलेला कुणीतरी, आणि उजवीकडे ताठ चालणारा माणूस. टी-शर्टवर, जाहिरातींत, व्यंगचित्रांत, हल्ली मोबाइलवरच्या विनोदांतही हीच रांग असते. कधी शेवटचा माणूस संगणकापुढे पुन्हा वाकलेला दाखवतात.

या रांगेचे मूळ १९६५ मधले. टाइम-लाइफच्या ग्रंथमालेतल्या, एफ. क्लार्क हॉवेल यांच्या 'अर्ली मॅन' या पुस्तकात चित्रकार रुडॉल्फ झॅलिंगर याने काढलेली पंधरा आकृत्यांची घडीची पाने होती. मूळ चित्राला न्याय द्यायला हवा. त्यात आकृत्यांच्या वर काळ दाखवणाऱ्या पट्ट्या होत्या. सुरुवातीचे प्राणी चार पायांवर चालणारे असूनही केवळ तुलनेच्या सोयीसाठी उभे दाखवले आहेत, असा खुलासाही होता. पण नक्कल करणाऱ्यांनी पट्ट्या घेतल्या नाहीत, खुलासा घेतला नाही. फक्त चालणारी मंडळी घेतली. साधे चित्र सहज पसरते ते असे. पसरताना जे कठीण असते ते गळून पडते.

आणि ही रांग वाचायला काय शिकवते? एकाच्या मागून एक. पुढचा आला की मागचा गेला. चिंपांझी हा माणसाचा आजोबा. वर्गात हमखास येणारा प्रश्न, 'सर, माकडापासून माणूस झाला तर मग आजची माकडे माणूस का होत नाहीत?', हा विद्यार्थ्याच्या डोक्याचा दोष नाही. त्याने चित्र नीट वाचले आहे आणि त्यातली विसंगती पकडली आहे. डार्विनच्या झुडपापुढे हा प्रश्न उभाच राहत नाही. तिथे माकड एका टोकाला, माणूस दुसऱ्या टोकाला, दोघांच्याही डोक्यावर आडवी रेघ. कुणी कुणाचा आजोबा नाही, दोघे चुलतभाऊ. आपल्या चुलतभावापासून आपला जन्म झाला असे कुणी म्हणत नाही, आणि आपण आहोत म्हणून चुलतभावाने नाहीसे व्हावे असेही म्हणत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातल्या एका तत्कालीन राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) सांगितले, की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचे सांगितलेले नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून त्याचा प्रतिवाद केला. ते योग्यच झाले. पण त्या वेळी एक गोष्ट फारशी कुणी बोलले नाही: तो आक्षेप डार्विनच्या झुडपाला लागूच होत नाही, तो रांगेवरचा आक्षेप आहे. मंत्र्यांच्या डोळ्यांपुढे जे चित्र होते तेच त्यांच्यावर हसणाऱ्या पुष्कळांच्या डोळ्यांपुढेही असावे असा आमचा संशय आहे.

अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी 'वंडरफुल लाइफ' (१९८९) या पुस्तकात या रांगेचा चांगलाच समाचार घेतला. त्यांचे दुर्दैव असे, की या कल्पनेविरुद्ध आयुष्यभर लिहूनही त्यांच्याच पुस्तकांच्या परभाषांतल्या चार अनुवादांवर मुखपृष्ठ म्हणून हीच रांग छापली गेली. हे त्यांनीच तिथे नोंदवले आहे.

रांगेत आणखी एक कच्चेपणा आहे. झॅलिंगरच्या पंधरांत एक रामापिथेकस होता. १९३२ मध्ये शिवालिक टेकड्यांत जी. एडवर्ड लुइस यांना मिळालेल्या जबड्याच्या तुकड्याला हे नाव मिळाले, आणि बराच काळ तो माणसाचा पूर्वज मानला गेला. १९८० च्या सुमारास मिळालेल्या अधिक पूर्ण जीवाश्मांवरून दिसले, की हा प्राणी शिवापिथेकसपासून वेगळा काढता येत नाही आणि त्याचे नाते ओरांगउटानशी आहे. झुडपात अशा वेळी एक डहाळी खोडून दुसरीकडे जोडायची, बाकीचे झुडूप तसेच राहते. रांगेतला एक माणूस काढला तर मात्र रांग तुटते, आणि 'शास्त्रज्ञ मत बदलतात, म्हणजे सगळेच खोटे' असे म्हणायला लोक मोकळे होतात. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत 'अधिक मानवसदृश' म्हणून रामापिथेकसचे नाव पुढेही वर्षानुवर्षे येत राहिले. रांगेतली रिकामी जागा बघवत नाही, त्याचाच हा परिणाम असेल.

रांग येते कुठून?

मग रांग धादांत खोटी आहे का? तसेही नाही. श्राद्धाच्या वेळी पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन नावे घेतात. ती सरळ रांगच आहे. काका, चुलते, आत्या, त्यांची मुले, कुणाचेच नाव त्यात नाही. ते नव्हते म्हणून नाही. आपण एका टोकाला उभे राहून फक्त आपल्याला जोडणारी रेघ खाली शोधत गेलो म्हणून. महाराष्ट्रात अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले आहेत. त्यांतली एखादी वंशावळ उघडून एका नावापासून मूळ पुरुषापर्यंत बोट फिरवावे. बोटाची वाट सरळ दिसेल, आणि पान मात्र फांद्यांनी भरलेले असेल.

हेच गांडुळाला लागू आहे. गांडुळाने आपल्या पूर्वजांची रांग काढली तर तीही सरळच येईल आणि तिच्या शेवटी, सर्वांत पुढे, गांडूळ असेल. मुलांना ही रांग काढायला सांगावी. गांडूळ काढायला सोपेही असते.

फळ्यावर

छापील चित्र एकदम समोर येते. फळ्यावरचे चित्र वेळ घेत घेत वाढते, आणि उत्क्रांती ही काळाचीच गोष्ट असल्यामुळे इथे खडूचा फायदा होतो. कोणता फाटा आधी फुटला हे मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेले असते.

तळाशी एक ठिपका काढावा. त्यातून वर रेघ न्यावी आणि तिला दोन फाटे फोडावेत. एक ओरांगउटानकडे जातो. दुसऱ्याला थोडे वर पुन्हा फाटा, एक गोरिलाकडे. उरलेल्याला आणखी वर फाटा, एक चिंपांझीकडे, एक माणसाकडे. शेवटचा फाटा साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा. मग चारी टोकांना आडव्या रेघा, आणि प्रत्येक रेघेवर बिनटोकाच्या थोड्या डहाळ्या, नष्ट झालेल्यांच्या. माणसाच्या रेघेवरही त्या काढायला विसरू नये. ऑस्ट्रॅलोपिथेकसच्या अनेक जाती आणि निअँडरथल हे सगळे तिथेच येतात. 'अर्धा माकड अर्धा माणूस आज का दिसत नाही' याचे उत्तर या बिनटोकाच्या डहाळ्या देतात.

आता विचारावे, चिंपांझीचे जवळचे नाते कुणाशी, गोरिलाशी की माणसाशी? बरीच मुले गोरिला म्हणतील, कारण दोघे केसाळ. रेघेवरून बोट खाली न्यायला लावले की माणूस हे उत्तर निघते, आणि वर्गात थोडी शांतता पसरते.

मग एक गंमत करावी. शेवटचा फाटा पुसून उलटा काढावा, माणूस गोरिलाच्या शेजारी आणि चिंपांझी कडेला. नाती बदलली का? बदलली नाहीत. पाळण्यावर टांगलेले चिमणाळे वाऱ्याने फिरते तेव्हा चिमण्यांच्या जागा बदलतात, दोरे तेच राहतात. टोकांच्या डावीउजवीकडच्या क्रमाला अर्थ नाही, फाटा कुठे फुटला त्याला आहे, हे हातानेच कळते. आणि माणूस कडेला, अगदी शेवटी काढण्याची सवय आपल्याला कुठून लागली हेही. हेकेलचा शेंडा आणि झॅलिंगरची उजवी कड आपल्या खडूतही लपलेली असते.

या तासिकेला सामान म्हणून खडू पुरतो. तरीही ती घ्यायला हवी असे आम्हाला वाटते, याचे कारण अभ्यासक्रमात आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणाचे नाव नुसते 'आनुवंशिकता' झाले. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून निषेध नोंदवला. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय राहिला, पण जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांचे काय? आपल्या राज्य मंडळाच्या, २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या पुस्तकात हा पाठ आहे, हे आपले भाग्य. पाठ वगळता येतो. टी-शर्टवरची रांग कुणी वगळत नाही. ज्या मुलाला पाठ मिळाला नाही त्याच्याकडे उत्क्रांती म्हणून तीच रांग उरते.

झुडपाच्या मर्यादा

झुडपाचेही सगळेच बरोबर आहे असे नाही. ते वर वाढते, म्हणून 'वर' म्हणजे 'पुढे' हा समज पुसता पुसत नाही. डेव्हिड हिलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सुमारे तीन हजार जातींची नाती एका वर्तुळात मांडली. मूळ मध्यभागी आणि जाती परिघावर, त्यांत माणूस कुठेतरी एका बारीक रेघेवर. शोधायला सोपे जावे म्हणून तिथे 'तुम्ही इथे आहात' अशी खूण केलेली. कल्पना म्हणून हे चित्र अप्रतिम आहे. वर्तुळाला शेंडाच नसतो. पण ते फळ्यावर काढता येत नाही आणि मुलाला वहीत उतरवता येत नाही, म्हणून वर्गासाठी ते भिंतीवरचे चित्रच राहते. छोटे वर्तुळ, दहाबारा जातींचे, मात्र कुणीही काढून पाहावे.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. झुडपात फाटे फुटतात, पण पुन्हा जुळत नाहीत. जीवाणूंच्या जगात एका जातीतले जनुक दुसऱ्या, दूरच्या जातीत शिरतात, त्यामुळे तिथे झुडपाऐवजी जाळे काढावे लागते. माणसाच्या फांदीवरही थोडे तसेच निघाले. २०१० मध्ये स्वांते पेबो आणि त्यांच्या गटाने निअँडरथलच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत निअँडरथलचा थोडा वारसा आहे हे दिसले. पुढे ते प्रमाण साधारण एक ते दोन टक्के ठरले, आणि पेबो यांना २०२२ चे नोबेल मिळाले. तुमच्या आमच्यातही तो वारसा आहे. म्हणजे निअँडरथलची बिनटोकाची डहाळी काढली, की तिच्यापासून आपल्या रेघेपर्यंत एक बारीक तिरपी रेघ काढावी लागते. ती तुटक काढावी, रंगीत खडू असल्यास रंगीत, आणि त्यासाठी त्या दोन रेघांच्या मध्ये आधीच थोडी जागा ठेवावी.